चालतंय तोवर

बंद पडलेल्या घड्याळाचं काय करायचं हे कुणालाही कळतं. दुकानात न्यायचं, भाव विचारायचा, परवडला तर दुरुस्त करून घ्यायचं. खरा घोळ होतो तो चालू घड्याळाचा. काटे फिरतायत, तारीख बदलतेय, आपण लोकल चुकवत नाही. मग ते उघडून, त्याचे शे-दीडशे भाग सुटे करून, धुऊन, पुन्हा जोडण्यासाठी पैसे का द्यायचे? आणि द्यायचेच असतील तर कधी?

हा प्रश्न मला पडला, कारण माझ्याकडे एक ओमेगा आहे. आधीच सांगते, मी ते विकत घेतलेलं नाही. मी कळव्यात खारेगावला राहते, ऐरोलीत नोकरी करते, गृहकर्जाचा हप्ता भरते आणि शोरूमच्या काचेतल्या किमती वाचून पुढे चालायला लागते. हे घड्याळ बाबांच्या मामांनी १९६८ साली सिंगापूरहून आणलं. मामा जहाजावर होते. ती नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं ते लालबागला आजोबांच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिले होते, त्याची ही परतफेड. आजोबा गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या आयुष्यात आलेली ही एकमेव महाग वस्तू. सीमास्टर, ऑटोमॅटिक, तारीखवालं, आत कॅलिबर ५६५. ते १९९४ साली गेले, घड्याळ बाबांकडे आलं. बाबांनी ते सणावारी घातलं आणि माझ्या तिसाव्या वाढदिवसाला माझ्या हातात ठेवलं. साधारण ३५ मिलिमीटरचं, आजच्या पुरुषी घड्याळांच्या मानाने लहान, त्यामुळे माझ्या मनगटावर ते माझंच वाटतं.

देताना बाबांनी एकच अट घातली. “कुणाला उघडू देऊ नकोस. चालतंय तोवर चालू दे.”

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण बाबांनी चौतीस वर्षं मध्य रेल्वेत फिटर म्हणून काढली, आधी कुर्ला कारशेडला आणि मग कळव्याला. आम्हा कळवेकरांना कारशेड आठवते ती वेगळ्या कारणाने. सकाळी कळवा स्टेशनात लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लोक कारशेडपर्यंत चालत जाऊन तिथून निघणारी रिकामी गाडी पकडतात आणि त्यावरून वाद होतात. पण बाबांसाठी कारशेड म्हणजे वेळापत्रक. गाडी बिघडली म्हणून शेडला येत नाही, तारीख आली म्हणून येते. ब्रेक, दरवाजे, पँटोग्राफ, चाकं, सगळं ठरल्या दिवशी बघायचं. मोठी दुरुस्ती असेल तर डबे माटुंगा वर्कशॉपला जातात, त्याला पीओएच म्हणतात. काम होऊन आल्यावर डब्याच्या टोकाला रंगाने लिहिलेलं असतं, पीओएच कधी झालं आणि पुन्हा परत कधी यायचं. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर उभे असाल तेव्हा बघा. चालतंय तोवर चालू दे, असं म्हणणाऱ्या माणसाला बाबांनी शेडमध्ये उभंही केलं नसतं.

मग घड्याळाच्या बाबतीत असं का? कारण होतं. १९९७ साली त्यांनी ते शेवटचं उघडून घेतलं, तेव्हा त्या वयस्कर घड्याळजींनी सांगितलं होतं, “आता मी दुकान आवरतोय. याचे पार्ट मिळणं कठीण होत जाणार. नीट चालतंय, तर कुणाच्याही हातात देऊ नका.” बाबांनी हे शब्दशः पाळलं. अठ्ठावीस वर्षं.

आता आत नेमकं काय चालतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

यांत्रिक घड्याळात बॅटरी नसते. एक गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे मेन स्प्रिंग, उलगडत जाते आणि चाकांची रांग फिरवते. ती सगळी ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी एक अडसर असतो, तो दर ठोक्याला एकेक दात सोडतो. ठोका ठरवतं ते बॅलन्स चाक, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर इकडून तिकडे झुलणारं. माझ्या घड्याळात ते तासाला १९,८०० वेळा झुलतं, म्हणजे सेकंदाला साडेपाच. दिवसाचे होतात ४ लाख ७५ हजार २००. वर्षाचे १७ कोटींहून जास्त. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. आजची बरीच नवी घड्याळं तर तासाला २८,८०० ठोके देतात.

चाकांच्या अक्षांची टोकं पोलादाची आणि केसासारखी बारीक असतात. ती कृत्रिम माणकांच्या भोकांत फिरतात. डायलवर लिहिलेले ‘ज्वेल्स’ ते हेच. प्रत्येक टोकाशी तेलाचा एक कण असतो, सुईच्या टोकावर मावेल एवढा. हे तेल हळूहळू सुकतं, पसरतं किंवा घट्ट होतं. इथेच फसगत होते. तेल संपल्यावर घड्याळ थांबत नाही, कोरडं चालत राहतं. पोलाद घासलं जातं, त्याची भुकटी उरल्यासुरल्या तेलात मिसळते आणि जे वंगण होतं त्याचा पॉलिश पेपर होतो. बाहेरून सगळं ठीक असतं. इंजिन ऑइल न बदलता बाइक चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे सर्व्हिसिंगचा प्रश्न ‘चालतंय का’ असा नसतोच. कशाच्या जिवावर चालतंय, तेलाच्या की धातूच्या, असा असतो.

मग किती वर्षांनी? इथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं. जुने घड्याळजी तीन-चार वर्षं सांगायचे. ओमेगा पाच ते आठ वर्षं म्हणते. रोलेक्स साधारण दहा वर्षं म्हणते आणि पुढे जोडते की मॉडेल आणि वापरावर ते अवलंबून आहे. यातलं कुणीही थापा मारत नाही. जुन्या काळी घड्याळात प्राण्यांपासून मिळणारी तेलं वापरत, त्यात डॉल्फिनच्या जातीतल्या माशासारख्या प्राण्यांच्या जबड्यातलं तेलही होतं. ती काही वर्षांत चिकट व्हायची. नंतर आलेली कृत्रिम तेलं कितीतरी जास्त टिकतात. घर्षण कमी करण्यासाठी रचनाही बदलल्या. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीने काढलेली को-अ‍ॅक्सियल रचना ओमेगाने १९९९ साली बाजारात आणली, तिचा हेतूच हा होता की तेलावरचं अवलंबित्व कमी व्हावं. त्यामुळे २०२० च्या घड्याळाचा नियम १९६८ च्या घड्याळाला लावता येत नाही आणि उलटही नाही.

वेळापत्रकाच्या विरोधातही एक तगडा युक्तिवाद आहे, तो मला ऑफिसच्या कामातून माहीत होता. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नाउलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की ठरावीक तास झाले म्हणून उघडून ओव्हरहॉल केल्याने बहुतेक भागांचे बिघाड कमी होत नाहीत. उलट उघडण्या-जोडण्यातून नवे बिघाड शिरू शकतात. आज कारखान्यांत देखभालीचं जे शास्त्र शिकवतात, त्यातला बराच भाग या अहवालातून आला आहे. म्हणजे १९९७ चे ते घड्याळजी आणि विमान कंपनीचे इंजिनिअर एकच गोष्ट सांगत होते: उघडणं हीसुद्धा जोखीम आहे.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांना आवडलं. पण अहवालाचा दुसरा अर्धा भाग त्यांनीच, न वाचता, पूर्ण केला. “ते वायरिंगला, इलेक्ट्रॉनिक्सला खरं. बेअरिंगला नाही. जे घासतं ते झिजतं, त्याला तारीख लागतेच.” अहवालातही हेच आहे. झिजणाऱ्या, साध्या भागांना वय लागू पडतं. आणि यांत्रिक घड्याळ म्हणजे दुसरं काय? डझनभर इवल्या बेअरिंगा.

मी म्हटलं, “मग घड्याळाला तारीख का नाही?”

बाबा म्हणाले, “कारण शेडमध्ये स्पेअर असतो.”

हे उत्तर मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. कारण तोवर मला वाटत होतं की ही भावनेची गोष्ट आहे, वडिलांची आठवण वगैरे. पण बाबांचा हिशोब सरळ होता. गाडीचा भाग बिघडला तर दुसरा बसवता येतो. हे बिघडलं तर दुसरं नाही. आणि त्याच हिशोबाने मला उलटं उत्तर दिसत होतं. सुटे भाग मिळत नाहीत म्हणूनच झीज परवडणारी नाही. सणावारी घालणाऱ्या बाबांचं अठ्ठावीस वर्षं निभावलं. मी २०२२ पासून ते रोज घालत होते. माझ्या वापराने ते संपत होतं. पर्याय दोनच होते: ते कपाटात ठेवायचं, किंवा घालायचं आणि उघडून घ्यायचं. रोज घालायचं आणि उघडायचं नाही, हा तिसरा पर्याय नव्हता. तो फक्त सोयीचा होता.

तरीही घाई करू नये, असं माझं मत. आधी लक्षणं बघावीत, कारण प्रत्येक लक्षण सर्व्हिसिंगकडे बोट दाखवत नाही. ऑफिसातल्या एका मित्राने स्वतःच्या पैशांनी नवं स्विस ऑटोमॅटिक घेतलं. वर्षभरात ते अचानक दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे पळायला लागलं. तो हादरला. दुकानदाराने घड्याळ एका छोट्या यंत्रावर धरलं, बटण दाबलं, काही सेकंदांत परत दिलं. लोहचुंबक लागलं होतं. बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. फोनच्या मागे चिकटणारा चार्जर, टॅबलेटचं कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, या सगळ्यांत चुंबक असतं. म्हणून लक्षात ठेवा, घड्याळ एकाएकी खूप पुढे जायला लागलं तर आधी चुंबक काढून बघा.

खरी लक्षणं हळू येतात. काढून ठेवल्यावर पूर्वी जितके तास चालायचं तितकं चालत नाही. दिवसागणिक मागे पडतं. उताणं ठेवलं तर एक वेळ, कुशीवर ठेवलं तर दुसरी. चावी फिरवताना करकरतं. मनगट हलवलं की आत रोटरचा खरखर आवाज येतो. आणि एक लक्षण असं आहे की त्यात एक दिवसही थांबू नये: काचेच्या आत वाफ. आत पाणी गेलं की गंज चढायला वेळ लागत नाही. पाणी अडवणारी रबराची रिंग तेलापेक्षाही लवकर म्हातारी होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जे काही असतं ते लक्षात घेता, पावसात घड्याळ घालणाऱ्याने ती रिंग दरवर्षी तपासून घ्यावी.

माझं घड्याळ दिवसाला सुमारे ४० सेकंद मागे पडत होतं. ऐकायला किरकोळ आहे. पण मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ अशी स्वतंत्र वेळ होती. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी शहराने ती पार १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मी घड्याळ रोज लावलं नसतं, तर दोन महिन्यांत ते बरोबर बॉम्बे टाइम दाखवायला लागलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, पूर्वी काढून ठेवलं की दीड-दोन दिवस चालणारं घड्याळ आता रात्री काढलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलेलं सापडायचं.

गेल्या एप्रिलमध्ये मी दोन ठिकाणी विचारलं. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितलेला अंदाज माझ्या गृहकर्जाच्या दीड हप्त्याएवढा होता, शिवाय जुनं मॉडेल म्हणून महिनोनमहिने लागण्याची शक्यता. दुसरे, ठाण्यात स्टेशनच्या बाजूच्या जुन्या बाजारातले एक घड्याळवाले काका. त्यांचा भाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दोन्हीकडे फायदे-तोटे आहेत. नवं घड्याळ, वॉरंटी, पाण्यात उतरण्याची खात्री हवी असेल तर अधिकृत ठिकाणाला पर्याय नाही. तिथे अस्सल भाग मिळतात आणि कामाची हमी मिळते. जुन्या घड्याळाचा प्रश्न वेगळा असतो, तिथे नवं करून मिळणं हाच धोका असू शकतो. केस पॉलिश केली की कडा गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. डायल आणि काटे बदलले की घड्याळ चकचकीत होतं आणि आपलं राहत नाही. कुठेही द्या, फॉर्मवर लिहून द्या: पॉलिश नको, न विचारता डायल-काटे बदलू नका, काढलेले जुने भाग परत द्या.

या बाबतीत मुंबईचं नाव जगभरात झालंय, फार अभिमान वाटावा असं नाही. जुनं मशीन, भलत्याच घड्याळाची केस आणि नव्याने रंगवलेलं भडक डायल असं जोडून विकलेल्या घड्याळाला संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एचएमटीचे आणि जुन्या स्विस कंपन्यांचे असे अवतार इंटरनेटवर ढिगाने मिळतात. एकीकडे ही थट्टा, दुसरीकडे त्याच कारागिरांमुळे अजून जुनी घड्याळं चालतात हेही खरं. एचएमटीने १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आज बाबांच्या एचएमटीचा एखादा भाग गेला तर तो दुसऱ्या मेलेल्या एचएमटीतूनच येतो.

ठाण्याच्या काकांनी घड्याळ न उघडता एका यंत्रावर लावलं. त्याला टाइमग्राफर म्हणतात. ते टिकटिक ऐकतं आणि आकडे दाखवतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, दोन्ही बाजूंचे ठोके समान आहेत का, आणि बॅलन्स चाक किती अंश झुलतंय. हा तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ उताणं ठेवल्यावर साधारण २७० ते ३०० अंश झुलतं. माझं १८५. कुशीवर ठेवल्यावर १६०.

“चालतंय ना पण?” मी बाबांचीच बाजू लढवून पाहिली.

“चालतंय,” काका म्हणाले. “उपाशीपोटी चालतंय.”

मी त्या पडद्याचा फोटो काढला आणि घरी येऊन बाबांना दाखवला. माझ्याकडे भाषण तयार होतं. तेलाचं, पोलादाच्या भुकटीचं, नाउलन-हीपचं. ते लागलं नाही. बाबांनी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि विचारलं, “किती पाहिजे?” मी म्हटलं, “दोनशे सत्तर.” “आणि आपलं एकशे पंच्याऐंशी?” मग बराच वेळ गप्प. “रीडिंग असं आल्यावर गाडी लाइनवर ठेवत नाहीत,” ते म्हणाले. “दे उघडायला. पण मी येणार.”

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं काकांच्या काउंटरसमोर बसलो. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं. आत तांबूस सोनेरी रंगाचं मशीन. बाबांनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि रोटरकडे बघत विचारलं, “याला बॉल बेअरिंग नाही का?” काका म्हणाले, “नाही, अक्षावर फिरतो. तोच झिजतो यांचा.” त्यानंतर अर्धा तास मी तिथे नसल्यासारखीच होते. दोन फिटर बोलत होते.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते. काकांनी ते उजेडात धरले. घड्याळजी काम केल्यावर आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात, पुढे तेच घड्याळ परत आलं तर काम आपलंच का ते कळावं म्हणून. ४/७१. ५/७५. ४/७९. ६/८३. मग वेगळ्या हस्ताक्षरात २/९७.

दर चार वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर. आजोबांना कुणी वेळापत्रक दिलं असेल असं वाटत नाही. त्या घड्याळजींनीच सांगितलं असेल, आणि त्या काळातल्या तेलांना ते बरोबर होतं.

पण ६/८३ वर बाबांचं बोट थांबलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. जून १९८३ म्हणजे घरात पगार येऊन सतरा महिने झाले होते. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, मिळेल ते काम करत होते. “हे विकायला काढलं होतं अण्णांनी,” बाबा म्हणाले. “चालू करून, साफ करून दाखवलं तर दोन पैसे जास्त येतात ना, म्हणून केलं असणार. मग गिऱ्हाईकाने भाव पाडला आणि परत आणलं.”

रात्री मी आत्याला फोन केला. आत्याने हे साफ नाकारलं. “दादाला काही आठवत नाही. अण्णांनी घड्याळ कधीच विकायला काढलं नव्हतं. चार वर्षं झाली म्हणून दिलं. आई किती चिडली होती! घरात तांदूळ उसने, आणि यांना घड्याळाला तेल घालायचंय. तीन दिवस बोलत नव्हती त्यांच्याशी.”

मी दोघांची समोरासमोर गाठ घालून दिली नाही. एक भाऊ म्हणतो, बापाने गरज म्हणून वडिलकीची वस्तू बाजारात नेली. बहीण म्हणते, बापाने गरज असतानाही तारीख चुकवली नाही. दोघांनाही आपापले अण्णा हवे आहेत, आणि झाकणावर फक्त महिना आणि साल आहे. एवढं मात्र दोघांच्याही आठवणीत सारखं आहे की त्यानंतर आजोबांनी ते घड्याळ फारसं घातलं नाही. गिरणी पुन्हा मिळाली नाही. १९८६ साली बाबा रेल्वेत लागले आणि घर कळव्याला आलं. ८७ ची खूण नाही, ९१ ची नाही. आयुष्यभर भोंग्यावर उठलेल्या माणसाकडे भोंगा बंद झाल्यावर घड्याळ होतं, आणि ते त्यांनी कपाटात ठेवलं.

काम तीन आठवड्यांत झालं. मेन स्प्रिंग आणि रबराची रिंग नवी. रोटरचा अक्ष खरंच झिजला होता, तो एका मृत मशीनमधून काढून बसवला. काका म्हणाले, आणखी दोन-तीन वर्षं असंच रोज घातलं असतं तर रोटर मशीनवर घासायला लागला असता. परत आल्यावर यंत्रावरचा आकडा २७५ होता आणि दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे. डायलवरचे डाग जिथल्या तिथे आहेत. कडेला असलेली खोच, जी बाबांच्या म्हणण्यानुसार माहीमच्या जत्रेत आणि आत्याच्या म्हणण्यानुसार गिरणीत पडली, तीही आहे.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल किंवा पुढेमागे येणार असेल, तर माझ्यापुरतं जे ठरलं ते सांगते. नवं घड्याळ असेल, सुटे भाग मिळत असतील, तर कंपनीने सांगितलेली वर्षं ही वरची मर्यादा धरा आणि मधल्या काळात वर्षातून एकदा यंत्रावर आकडे काढून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं. आकडे घसरत नसतील तर उगाच उघडू नका. जुनं घड्याळ असेल आणि भाग दुर्मीळ असतील, तर उलटं: आकडा पडायची वाट बघू नका, कारण आकडा पडतो तेव्हा झीज सुरू झालेली असते. कपाटात पडलेलं घड्याळ रोज घालायला काढणार असाल तर आधी उघडून घ्या, तेल वापरलं नाही तरी सुकतं. खर्च झेपत नसेल तर न घालणं हाही प्रामाणिक मार्ग आहे, घड्याळ थांबून राहिल्याने झिजत नाही. आणि कुणाकडून आलं असेल, तर त्या माणसाला शेवटचं कधी उघडलं ते आजच विचारून घ्या. झाकणाच्या आत सगळ्यांचंच लिहिलेलं नसतं.

काकांनी ९७ च्या खाली ५/२५ कोरलं. घरी आल्यावर बाबांनी घड्याळाच्या डब्याच्या झाकणावर मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं: पीओएच ५/२५, रिटर्न ५/३१. सहाच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पाच ते आठ सांगतात ना? आणि पावसाळ्याच्या आधी.” तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे असतील. काउंटरवरच्या काकांचं वय मी विचारलं नाही, पण त्यांच्या दुकानात शिकाऊ मुलगा नाही, हे मी पाहिलं. म्हणून मी त्यांच्याकडून त्या मृत मशीनमधले उरलेले भागही विकत घेतले. एका छोट्या पुडीत आहेत, त्याच डब्यात. शेडमध्ये स्पेअर असतो.